सदाफुली उपटू नका

चार दिवस झाले, एका ठरावाने माझं डोकं तापलंय. अमळनेरजवळच्या आमच्या गावातल्या शाळेचं आवार नव्याने सजवायचं ठरलं. चांगलंच झालं. पण समितीने ठरवलं काय, तर परदेशी झाडं-रोपं सगळी काढायची, आणि त्या यादीत सदाफुलीही घातली. कारण ती मूळची मादागास्करची. मी ग्रुपवर लिहिलं, गाजरगवत खुशाल उपटा, पण सदाफुलीला हात लावू नका. चुलतभावाचं उत्तर आलं, "ताई, तू आते बाहेरनी व्हयी गयी." पुढे कोणीच काही बोललं नाही.

माझं घर इंग्लंडमधल्या यॉर्कशायरमध्ये, भिंतीला भिंत लागलेल्या जुन्या दगडी घरांच्या रांगेतलं. मागे कचऱ्याचे डबे ठेवतो तिथल्या भिंतीचा चुना सुटलाय आणि त्या फटींतून एक नाजूक वेल लोंबते. आयव्हीसारखी इवलीशी पानं, जांभळट फुलं, फुलाच्या ओठावर पिवळा ठिपका. हिला 'ऑक्सफर्ड वीड' म्हणतात. मूळची इटलीकडच्या खडकांतली. सतराव्या शतकात बागेसाठी इकडे आणली, ती बागेतून निसटली आणि भिंतीभिंतींनी देशभर पसरली. अजूनही लोक खडकबागेत हौसेने लावतात.

मागच्या उन्हाळ्यात मी तिचा एकच देठ रोज सकाळी पाहत होते. फूल होतं तोवर देठ उजेडाकडे वळलेला. बी धरलं आणि त्याच देठाने उजेडाकडे पाठ फिरवली. लांबत लांबत तो भिंतीकडे वळला आणि ते बारीक बोंड त्याने अंधाऱ्या फटीत नेऊन ठेवलं. खाली फरशीवर पडलं असतं तर बी वाया गेलं असतं. पोराला पाळण्यात ठेवावं तसं ठेवलं हो त्याने.

इथे या वेलीला परकी म्हणताना मी कोणाला ऐकलं नाही. जपानी नॉटवीड या झपाट्याने पसरणाऱ्या तणाची गोष्ट वेगळी. ते आवारात असेल तर घर विकताना फॉर्मवर लिहून द्यावं लागतं. म्हणजे झाड कुठून आलं यापेक्षा ते करतं काय, हे पाहतात. आपल्याकडे एवढा साधा विचार का होऊ नये? गाजरगवत रान गिळतं, अंगाला खाज आणतं, गुरं तोंड लावत नाहीत. सदाफुलीने कोणाचं काय घेतलं? उलट तिच्यापासून निघालेल्या औषधाने रक्ताच्या कर्करोगाची किती मुलं वाचली. आणि शाळेची इमारत ज्या वर्गणीतून उभी राहिली, ती कपाशीच्या पैशाची होती. आज आपल्या शिवारात उभी असते ती बहुतेक कपाशी मूळ मेक्सिकोकडच्या जातीची. ती कोण उपटणार आहे?

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. एक गोष्ट मात्र लिहिली नाही. २०१६च्या ब्रेक्झिटच्या, म्हणजे युरोपियन युनियनमधून बाहेर पडण्याच्या, मतदानानंतरच्या आठवड्यात बसस्टॉपवर एका माणसाने मला विचारलं होतं, आता घरी कधी जाणार? तेव्हा माझ्या हातात मुलीचा डबा होता. मी काही बोलले नाही, बस आली, चढले. हे भावाला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, बघ, तिथेही तेच. आणि मला ते ऐकायचं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी भारताचा पासपोर्ट परत केला. काउंटरवरच्या मुलाने त्यावर शिक्का मारला, कोपरा कापला आणि परत दिला. तो अजून साड्यांच्या कपाटात आहे. तसं लेकीला गाव परकं व्हायला परदेशही लागत नाही. लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून 'कधी आलीस, कधी जाणार' हेच दोन प्रश्न असतात. म्हणून भावाचं वाक्य एवढं लागलं असेल.

आई गेल्यापासून आमच्या धाब्याच्या घराला कुलूप आहे. मागच्या दिवाळीत उघडायला गेले तर उंबऱ्याखाली, ओट्याचा दगड फुटलाय तिथे, सदाफुली उगवली होती. कोणी लावलेली नाही, कोणी पाणी घातलेलं नाही. चार फुलं होती. आत जाताना तिच्यावर पाय पडू नये म्हणून मी लुगड्याचा घोळ वर धरला आणि लांब पाऊल टाकलं. शाळेतल्या उपटायच्याच असतील तर उपटा. ती एक राहू दे, एवढं भावाला आज फोन करून सांगणार आहे.