पोर्शे ९११ च्या बेअरिंगविषयी खुलासा
पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाची कोणतीही जुनी पोर्शे ९११ घेऊ नये, कारण इंटरमीडिएट शाफ्टचे (इंजिनात झडपांच्या यंत्रणेकडे गती पोहोचवणाऱ्या दांड्याचे) बेअरिंग तुटून इंजिन हमखास निकामी होते, हा सध्या फिरणारा दावा सरसकट खरा नाही. हा धोका ९९६ आणि सुरुवातीच्या ९९७ पिढीतील (साधारण १९९८ ते २००८ च्या) कॅरेरा, म्हणजे ९११ च्या मूळ प्रकारच्या, गाड्यांपुरता आहे. त्याच काळातील टर्बो व जीटी३ या अधिक ताकदीच्या प्रकारांची इंजिने वेगळ्या घडणीची आहेत, आणि २००९ च्या मॉडेलपासून कॅरेरातून तो शाफ्टच काढण्यात आला. ९९६ मध्ये क्लच बदलताना हे बेअरिंगही बदलता येते. नंतरच्या गाड्यांत आलेले मोठे बेअरिंग मात्र इंजिन पूर्ण उघडल्याशिवाय निघत नाही, म्हणून अशी गाडी घेण्यापूर्वी ऑइल फिल्टर कापून त्यात धातूचे कण (बेअरिंग झिजत असल्याची खूण) आहेत का, हे जाणकाराकडून तपासून घ्यावेच, असा माझा आग्रह आहे.