त्सित्सी डांगारेंब्गा १८ वर्षं गप्प नव्हती

त्सित्सी डांगारेंब्गाबद्दल एक मजकूर सध्या खूप फिरतोय: झिंबाब्वेच्या या लेखिकेनं १९८८ साली 'नर्व्हस कंडिशन्स' ही स्वतःचीच कहाणी लिहिली, मग १८ वर्षं गप्प बसली, परदेशात राहते आणि २०२० मध्ये बुकरवाल्यांनी तिला शोधून काढलं. लोक कौतुकानंच शेअर करतायत, पण मला हे असंच सोडून देववत नाही.

आधी त्या १८ वर्षांचं बघू. पुढची कादंबरी 'द बुक ऑफ नॉट' २००६ ला आली हे खरंय. पण मधे ती बर्लिनच्या फिल्म अकॅडमीत सिनेमा शिकली, 'नेरिया' या सिनेमाची कथा लिहिली (दिग्दर्शन गॉडविन मावुरूचं, तेही बरेचजण हिच्याच नावावर टाकतात). नवरा अपघातात जातो आणि दीर रीतीरिवाजाच्या नावाखाली घर, पैसा, अगदी पोरांवरसुद्धा हक्क सांगायला लागतो, तेव्हा नेरिया कोर्टात जाते. झिंबाब्वेत काळ्या बायकांना सज्ञान मानणारा कायदाच मुळात १९८२ चा, म्हणजे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पडद्यावर एक विधवा हक्कासाठी कोर्टात जाते हे बघणं तिथल्या बायकांसाठी काय असेल विचार करा, आणि वर झिंबाब्वेचा गायक ऑलिव्हर म्टुकुड्झीचं ते गाणं! मग १९९६ ला 'एव्हरीवन्स चाइल्ड' तिनं स्वतः दिग्दर्शित केला. एड्सनं आईबाप गेलेली भावंडं, पाठ फिरवणारं गाव, दुकानदाराच्या तावडीत सापडलेली मोठी बहीण, हरारेच्या रस्त्यावर पोचलेला भाऊ. झिंबाब्वेतल्या काळ्या बाईनं दिग्दर्शित केलेला हा पहिला फीचर सिनेमा. २००२ मध्ये हरारेत बायकांवरच्या सिनेमांचा फेस्टिव्हलही तिनंच सुरू केला. कादंबरी आली नाही म्हणजे बाई गप्प, हा हिशोबच मला मान्य नाही.

आता स्वतःची कहाणी. 'नर्व्हस कंडिशन्स'ची नायिका तांबू, ती खेड्यात वाढते, फीसाठी मका पिकवते, भाऊ मेल्यावरच तिला मिशनच्या शाळेत जायला मिळतं. त्सित्सीचे आईवडील शिकलेले, तिची लहानपणीची काही वर्षं इंग्लंडात गेली, पुढे ती केंब्रिजला मेडिकलला होती. तिचं आयुष्य जुळलंच तर तांबूच्या चुलतबहिणीशी, न्याशाशी जास्त जुळतं. दुसऱ्या मुलीच्या डोक्यात शिरून इतकं खरं लिहिलं ही कमाई आहे तिची, तिला नुसती आठवण म्हणून का बाजूला सारायचं?

बुकरनं शोधलं म्हणे! १९८९ लाच कॉमनवेल्थचं आफ्रिका विभागाचं प्राइझ मिळालेलं 'नर्व्हस कंडिशन्स'ला, जे झिंबाब्वेतल्या प्रकाशकांनी नाकारल्यावर लंडनच्या विमेन्स प्रेसनं काढलं.

आणि परदेशात राहते हे तर साफ चूक. २००० च्या आसपास ती जर्मनीहून हरारेला परत गेली. ३१ जुलै २०२० ला, बुकरच्या लाँगलिस्टमध्ये तिची तिसरी कादंबरी 'धिस मोर्नेबल बॉडी' आल्यावर काहीच दिवसांत, संस्था सुधारा अशी मागणी करणारा फलक घेऊन ती हरारेत रस्त्यावर उभी राहिली म्हणून पोलिसांनी तिला उचललं. केस दोन वर्षं चालली, २०२२ मध्ये दंड आणि सहा महिन्यांची स्थगित शिक्षा झाली, २०२३ मध्ये हायकोर्टानं ती रद्द केली.

वाचणार असाल तर तिन्ही कादंबऱ्या क्रमानंच वाचा. तिन्हीत तांबूच आहे, आणि तिसरी तिला 'तू' म्हणत लिहिलीये, पहिली वाचली नसेल तर ते 'तू' किती लागतं ते कळणार नाही.