एका स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू वाचला. पुरंदर तालुक्यातल्या तुमच्या दीड एकरावर नोव्हेंबरात आम्ही जमिनीखालचं पाणी शोधायचा सर्व्हे केला, ७,५०० रुपये घेतले. आमच्या पॉइंटवर बोअरला जेमतेम अर्धा इंच पाणी. खालच्या शेजाऱ्यांना नारळवाल्या पाणाड्याने दोन इंची पाणी काढून दिलं. शिवाय तुमच्या जुन्या विहिरीचं पाणी आम्ही पिण्यास अयोग्य म्हटलं आणि दुसऱ्या लॅबने चांगलं. म्हणून 'वायरी पसरून लोकांना फसवतात' असं तुम्ही लिहिलंत. राग समजतो. कोरड्या बोअरचं बिल हातात आलं की कुणालाही येईल.

आधी आमची चूक. रिपोर्टमध्ये त्या पॉइंटपुढे 'शक्यता मध्यम' असं लिहिलंय, पण चौथ्या पानावर आणि तेही इंग्रजीत. बांधावर उभं राहून आमचा मुलगा तुम्हाला म्हणाला, 'लागेल हो पाणी, काळजी करू नका.' माणूस ऐकलेलं लक्षात ठेवतो, चौथं पान नाही. हे बोलणं चुकीचं होतं आणि त्याची जबाबदारी माझी.

आता त्या वायरींबद्दल. चार खुंट्या जमिनीत ठोकतो, बाहेरच्या दोन्हींतून करंट सोडतो, आतल्या दोन्हींवर व्होल्टेज मोजतो. बाहेरच्या खुंट्या लांब नेत गेलं की खोलवरचं कळायला लागतं. कोरडा काळा पाषाण विरोध जास्त दाखवतो, पाणी धरलेला मांजऱ्या, म्हणजे बारीक पोकळ्यांचा खडक, कमी. घोळ असा की गेरूसुद्धा कमीच दाखवतो. दोन लाव्हाथरांच्या मध्ये असलेली ही लाल चिकणमाती ओली असते, पण पाणी सोडत नाही. तुमच्याकडे ११० ते १४० फुटांत विरोध उतरला होता. आम्ही त्याला मांजऱ्या समजलो. तुम्हीच पाठवलेल्या व्हिडिओत १२० फुटांच्या आसपास बोअरच्या गाडीतून विटेच्या रंगाचा चिखल उडताना दिसतो. तो गेरू. यंत्राने आकडा बरोबर दिला, अर्थ लावताना आम्ही चुकलो. दख्खनच्या दगडात हे होतं, आणि कुणी शंभर टक्के सांगत असेल तर त्याच्याकडून पॉइंट घेऊ नका.

मात्र १८० फुटांवर थांबा, हे आम्ही स्पष्ट लिहिलं होतं. तुमच्या बिलावर ३४० फूट आहेत. गाडीवाल्याला फुटावर पैसे मिळतात, तो 'अजून पन्नास बघू' म्हणणारच. शिवाय राज्याच्या २००९च्या भूजल कायद्यात ६० मीटरच्या, म्हणजे साधारण २०० फुटांच्या, खाली गेलेली विहीर 'खोल विहीर' धरतात आणि तिच्यावर निर्बंध आहेत.

पाणाड्याला मी नावं ठेवणार नाही. माझे आजोबा पायाळू होते, गावोगावचे लोक त्यांना घेऊन जायचे. नारळ हातावर उभा राहायच्या आधी ते ओढा कुठून वळतो, उंबर कुठे आहे, वारूळ कुठे आहे हे सगळं हिंडून बघायचे. शेजाऱ्यांचा बोअर ओढ्याकाठी आहे, तुमच्या जागेपेक्षा बराच खाली. तिथे झिजलेल्या, पाणी धरणाऱ्या खडकाचा थर जाड आहे. तिथे मीही नारळ धरला असता.

पाण्याचं मात्र मला खरंच महत्त्वाचं वाटतं. दुसऱ्या लॅबचा कागद तुम्ही जोडलाय, त्यात टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार), कठीणपणा आणि क्लोराईड एवढंच तपासलंय. टीडीएस लिटरला ६१० मिलिग्रॅम आलाय, आमच्याकडेही जवळपास तेवढाच होता. भारतीय मानकात ५०० पर्यंत चांगलं आणि दुसरी सोय नसेल तर २००० पर्यंत चालतं, म्हणजे त्यांचं म्हणणं चूक नाही. पण आमच्याकडे नायट्रेट लिटरला ७१ मिलिग्रॅम आलं. त्याची मर्यादा ४५ आहे आणि तिच्यात सवलत नाही. ई-कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारे जंतू, १०० मिलिलिटरमध्ये अजिबात नसावेत, ते सापडले. त्या कागदावर या दोन्हींचे रकाने नाहीतच. टीडीएसच्या पेनाने जंतू दिसत नाहीत, क्षार दिसतात. आणि नमुना शीतपेयाच्या बाटलीत नेऊन दोन दिवस गाडीत ठेवला असेल तर जंतूंची तपासणी करूनही उपयोग नव्हता. आम्ही निर्जंतुक बाटली, बर्फ आणि त्याच दिवशी लॅब, असं करतो ते म्हणूनच.

कारण शोधायला लांब जायला नको. विहिरीच्या वरच्या अंगाला तीसेक फुटांवर गोठा आहे, उकिरडा त्याला लागून. कठड्याचे दोन दगड निखळलेत, पावसाचं पाणी तिथूनच आत उतरतं, त्याचा काळपट ओघळ आतल्या बाजूला दिसतो. कपारीत पारवे आहेतच. उकळल्याने जंतू मरतील, नायट्रेट जाणार नाही. उलट पाणी आटेल तसं त्याचं प्रमाण वाढेल. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची दुधाची पावडर त्या पाण्यात कालवू नका. झाडांना खुशाल वापरा.

मे महिन्यात येऊन विहिरीची पातळी परत मोजतो आणि नमुना परत घेतो. नोव्हेंबरची पातळी बघून वर्षाचा अंदाज बांधता येत नाही, हेही आम्ही रिपोर्टात लिहायला हवं होतं. त्याची फी नाही, लॅबचा खर्चही आमचाच. सर्व्हेचे अर्धे पैसे परत करतोय. स्टार वाढवायची अट नाही. तोवर कठड्याचे ते दोन दगड तेवढे बसवून घ्या आणि उकिरडा विहिरीच्या खालच्या अंगाला न्यायचं गोठेवाल्या शेजाऱ्यांशी बोलून बघा. पहिला वळीव कधी येईल, सांगता येत नाही.