आणीबाणीतल्या सेन्सॉरने फक्त अफवा अडवल्या?

जून महिना आला की व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरू लागतो: आणीबाणीतली सेन्सॉरशिप आंदोलनाच्या काळात अफवा आणि चिथावणी रोखण्यापुरतीच होती, ती कायद्याला धरून होती, आणि तेव्हा एकाही पत्रकाराने तक्रार केली नाही.

आधी अफवांचं बघू. 25 जून 1975 च्या रात्री दिल्लीत बहादूरशाह जफर मार्गावरच्या वृत्तपत्रांच्या छापखान्यांची वीज तोडली गेली. सेन्सॉरशिपचा हुकूम निघाला 26 तारखेला. म्हणजे एक ओळही न वाचता अख्खे अंक अडवले! 28 जूनला 'इंडियन एक्स्प्रेस'ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली. पुढे सेन्सॉरच्या सूचनांत तेही बसेना: जागा कोरी ठेवायची नाही, आणि गांधी-टागोरांच्या वचनांनी भरायचीही नाही. गांधीजींचं वचन अफवा की चिथावणी, हे मजकूर पुढे पाठवणाऱ्यांनीच सांगावं. संसदेतल्या विरोधकांच्या भाषणांनाही कात्री लागली. संसदेच्या कामकाजाच्या खऱ्या वृत्तांताला संरक्षण देणारा 1956 चा कायदा रद्द केला गेला. तो आणला होता फिरोज गांधींनी, म्हणजे पंतप्रधानांच्या यजमानांनीच. खासदार सभागृहात उभा राहून बोलला, त्यात अफवा कुठली?

कायद्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. 1971 च्या युद्धापासूनची आणीबाणी उठलेलीच नव्हती, आणि भारत संरक्षण नियमांतला, सेन्सॉरशिपची मुभा देणारा 48 वा नियम हाताशी होता. पण नियम असणं वेगळं आणि नियमात राहणं वेगळं. मिनू मसानी संपादक असलेल्या 'फ्रीडम फर्स्ट' मासिकातले 11 मजकूर सेन्सॉरने नाकारले, तेव्हा मसानी मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. फेब्रुवारी 1976 मध्ये, आणीबाणी ऐन भरात असताना, न्या. मादन आणि न्या. कानिया यांनी बजावलं की सगळ्या वृत्तपत्रांना एका सुरात बोलायला लावणं हे सेन्सॉरचं काम नव्हे.

राहिली तक्रार. बहुतेक दैनिकांनी मान तुकवली, हे खरंच. त्यांचं समर्थन मी करणार नाही. पण 'एकाही' हा शब्द मसानींच्या खटल्यापुढेच टिकत नाही. आणि पत्रकार कुलदीप नय्यर यांनी तर पहिल्याच आठवड्यात दिल्लीच्या प्रेस क्लबात पत्रकार जमवून निषेधाचा ठराव केला होता. जुलैत त्यांना 'मिसा' या विनाखटला डांबून ठेवण्याच्या कायद्याखाली तुरुंगात टाकलं.