यादी देता, मापं कोण देणार?

हॉस्टेलला राहायला येताना आणायच्या सामानाची यादी म्हणे! 'गादी, बादली, कुलूप.' झालं? अहो, गादी केवढी? दुकानात मिळते ६ बाय ३ फुटांची, तुमची लोखंडी कॉट अडीच फुटी. मग अर्धा फूट गादी वर्षभर हवेत लोंबकळणार! मापं छापायला शाई महाग आहे का?

कुलपाचं तेच. चांगलं जाडजूड ५० मिमीचं आणावं, तर कपाटाच्या कडीच्या भोकात त्याचा दांडाच जात नाही. ३० मिमीचं हवं, हे कळतं कधी? सामान उतरवून रिक्षा गेल्यावर.

खोलीत प्लग पॉइंट एक, मुलं तीन, म्हणून एक्स्टेन्शन बोर्ड आणा. आणलेला बोर्ड रेक्टर जप्त करणार. का, तर कोणीतरी त्यावर १५०० वॅटची किटली लावतं, साडेसहा अँपिअर खेचते ती, आणि अख्ख्या मजल्याचा एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडणारा स्विच) पडतो. मग किटलीवाल्याला धरा ना!

आणि ते रॅगिंगविरोधी हमीपत्र. २००९ पासूनचा नियम, ऑनलाइन भरता येतं. तरी 'प्रिंट काढा, पालकांची सही आणा, दोन झेरॉक्स जोडा.' पालक? ते तर दुपारच्या एसटीने गावी परतले!