एकट्या बंडखोराची गोष्ट नाहीच ही

डिस्टोपियन कादंबऱ्यांचा, म्हणजे जुलमी सत्तेखालच्या कल्पित समाजाच्या गोष्टींचा, विषय निघाला की बहुतेकदा एकच चित्र रंगवलं जातं. यंत्रासारखी चालणारी सत्ता, माना खाली घालून चालणारे लाखो लोक आणि त्या गर्दीत ताठ उभा राहिलेला एक माणूस. तो काय तो स्वतंत्र, बाकी सगळी मेंढरं. मुखपृष्ठंसुद्धा अशीच असतात. मग वाचणारा प्रत्येक जण मनातल्या मनात त्या ताठ माणसाच्या जागी स्वतःला उभं करतो आणि पुस्तक मिटतो.

हे वाचन मला अजिबात पटत नाही. या पुस्तकांवर तो अन्याय आहे असं माझं ठाम मत आहे. कारण नीट पाहिलं तर एकट्याने, आपल्या आपण जागा झालेला माणूस या कादंबऱ्यांत जवळजवळ सापडतच नाही. प्रत्येकाला कुणीतरी हलवून उठवलेलं असतं. आणि सत्तेचा सगळा आटापिटा चालतो तो हे ‘कुणीतरी’ माणसाला भेटूच नये यासाठी.

ब्रॅडबरीच्या ‘फॅरनहाइट ४५१’ (१९५३) मधला माँटॅग घ्या. पुस्तकं जाळणं हे त्याचं काम, आणि ते तो आवडीने करतो. कुठलाही ग्रंथ वाचून त्याचे डोळे उघडत नाहीत. शेजारची क्लॅरिस नावाची मुलगी त्याला चालता चालता विचारते, तू सुखी आहेस का? तो हसण्यावारी नेतो. घरी येतो तर बायको झोपेच्या गोळ्यांची बाटली रिकामी करून पडलेली. पण मला त्याहून जास्त हादरवणारा प्रसंग पुढे येतो. माँटॅग बायकोला विचारतो, आपण पहिल्यांदा कुठे भेटलो होतो? तिला आठवत नाही. त्यालाही आठवत नाही. दोघं एका घरात राहतात, दिवाणखान्याच्या भिंतींवरचे पडदे दिवसभर बोलत असतात, तिच्या कानात रात्रभर आवाज चालू असतो, आणि दोघांच्या मधलं सगळं पुसून गेलेलं आहे. पुस्तकं जळतात ते सगळ्यांच्या लक्षात राहतं. मला मात्र त्या कादंबरीतली खरी राख इथे दिसते.

आता हक्सलीकडे येतो, कारण माणूस घडवण्याची प्रक्रिया त्याच्याइतकी बारकाईने फार थोड्यांनी लिहिली आहे. ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ (१९३२) मधला बालगृहाचा प्रसंग अनेकांना आठवत असेल. तिथे माणसं जन्माआधीच आल्फापासून एप्सिलॉनपर्यंतच्या चढत्या-उतरत्या वर्गांत वाटलेली असतात. ही खालच्या, डेल्टा वर्गातली आठ महिन्यांची बाळं. समोर गुलाबांची फुलं आणि रंगीत चित्रांची उघडी पुस्तकं. बाळं आनंदाने रांगत जातात, पाकळ्यांना हात लावतात, पानं चुरगळतात. आणि नेमक्या त्या क्षणी कानठळ्या बसवणारा भोंगा वाजतो, घंटा घणघणतात, मग जमिनीतून विजेचा सौम्य धक्का. हे २०० वेळा करायचं. पुढे आयुष्यभर त्यांना फुलांची आणि पुस्तकांची उपजतच शिसारी आहे असं वाटेल. या दालनाच्या नावातच हक्सलीने कुत्र्यांना सवयी लावण्याचे प्रयोग करणाऱ्या पावलोव्हचं नाव घातलं आहे, आणि त्याला कल्पनेच्या भराऱ्या माराव्या लागल्या नव्हत्या. जॉन वॉटसन आणि रोझली रेनर यांनी १९२० मध्येच एका तान्ह्या मुलाला पांढरा उंदीर दाखवताना पाठीमागे लोखंडावर हातोडा आपटून त्या मुलाच्या मनात उंदराची भीती रुजवली होती, आणि तो प्रयोग रीतसर प्रसिद्धही केला होता.

पण मला या बालगृहापेक्षा त्याच्या पुढचं दालन महत्त्वाचं वाटतं. तिथे बीटा वर्गातली मुलं दुपारची झोपलेली आहेत आणि उशाखालून हळू आवाजात एक धडा चालू आहे. १२० वेळा, आठवड्यातून ३ दिवस, ३० महिने. त्या धड्यात काय असतं? सत्तेचं गुणगान नाही, नेत्याचा जयजयकार नाही. आल्फा मुलांना फार काम पडतं, म्हणून मी बीटा आहे हेच बरं. आणि डेल्टा मुलांशी मला खेळायचं नाही. एप्सिलॉन तर त्याहून वाईट. म्हणजे बाळकडू पाजलं जातं ते कुणाजवळ बसायचं नाही याचं. आज्ञा पाळायला शिकवणं हे तसं सोपं काम. पण आपल्याहून वेगळं जगणाऱ्याशी आपली गाठच पडू नये, आणि ती पडू नये अशी आपलीच इच्छा असावी, हे साधलं की पुढे पहारेकरी ठेवायचीही फारशी गरज उरत नाही.

त्याच जगात लेनिना नावाच्या तरुणीला तिची मैत्रीण रागावते ते का, तर ती चार महिने एकाच पुरुषाबरोबर फिरते आहे म्हणून. तिथे शरीरसुखावर बंदी नाही, उलट आग्रह आहे. बंदी आहे ती कुणात गुंतण्यावर. ‘आई’ हा शब्द तिथे अश्लील आहे. झाम्यातिनने हेच हक्सलीच्या आधी, १९२०-२१ मध्ये लिहिलेल्या ‘वी’मध्ये वेगळ्या तऱ्हेने दाखवलं होतं. तिथे सगळी घरं काचेची, माणसांना नावांऐवजी क्रमांक, आणि पडदे ओढायची परवानगी फक्त शरीरसंबंधाचं गुलाबी कुपन असेल त्या तासापुरती. दोन माणसं एकमेकांजवळ येणार, हे थांबवता येत नाही हे दोन्ही राज्यांना कळलेलं आहे. म्हणून ते जवळ येणं उथळ आणि मोजलेलं राहील एवढी व्यवस्था केलेली आहे.

इथे हक्सलीच्या बर्नार्ड मार्क्सबद्दल बोललंच पाहिजे, कारण ‘मी वेगळा’ या वेडाचं त्याच्याइतकं नेमकं चित्र मला दुसरीकडे दिसलेलं नाही. बर्नार्ड सुरुवातीला बंडखोर वाटतो. व्यवस्थेवर नाराज, एकटा, विचारी. पण त्याची नाराजी त्याच्या कमी उंचीतून आलेली आहे. आल्फा असून तो आल्फासारखा दिसत नाही, मुली त्याला टाळतात. या जगाबाहेर, ‘रानटी’ लोकांत वाढलेल्या जॉनला घेऊन तो परत येतो, रातोरात प्रसिद्ध होतो, सगळे त्याच्या मागे लागतात, आणि जग त्याला एकदम गोड वाटू लागतं. बंडाची सगळी हवा निघून जाते. त्याचा मित्र हेल्महोल्ट्झ मात्र सगळं मिळूनही अस्वस्थ आहे, कारण त्याला काहीतरी लिहायचं आहे आणि ते काय हे त्याला सापडत नाही. गर्दीने आपल्याला नाकारलं म्हणून गर्दीवर रागावणं आणि व्यक्ती असणं या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत. आपल्याकडे बर्नार्डलाच हेल्महोल्ट्झ समजून डोक्यावर घेतलं जातं, याचा मला मनापासून खेद वाटतो.

मानसशास्त्रातला एक प्रयोग या संदर्भात मला फार मोलाचा वाटतो. सॉलोमन ॲश यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला केलेला. काम अगदी साधं होतं, तीन रेघांपैकी कोणती रेघ नमुन्याइतक्या लांबीची आहे ते सांगायचं. खोलीतले बाकीचे सगळे आधीच ठरवून चुकीचं उत्तर देत. सुमारे तीन चतुर्थांश लोक निदान एकदा तरी डोळ्यांनी दिसत असलेलं सोडून बहुमताच्या मागे गेले. या प्रयोगाचा उल्लेख बहुतेक वेळा इथेच संपतो. पण ॲश यांनी पुढे खोलीत खरं उत्तर देणारा फक्त एक सोबती ठेवला, आणि बहुमताच्या मागे जाण्याचं प्रमाण सुमारे पावपट झालं. धैर्याचं व्याख्यान नाही, प्रशिक्षण नाही. फक्त एक माणूस.

ॲटवुडच्या ‘द हँडमेड्स टेल’ (१९८५) मधल्या राजवटीला हे पक्कं ठाऊक आहे. म्हणून मुलं जन्माला घालण्यासाठी ठेवलेल्या दासींना बाजारात एकटं सोडत नाहीत, जोडीने पाठवतात. जोडी सोबतीसाठी नसते. प्रत्येकीने दुसरीवर नजर ठेवायची. माणसाला लागणारी सोबत हेच पहाऱ्याचं साधन. त्याच कादंबरीत जनीन नावाच्या मुलीला तिच्यावर झालेल्या सामूहिक बलात्काराबद्दल सगळ्यांसमोर बोलायला लावतात आणि भोवती बसलेल्या बायका एका सुरात म्हणतात, चूक तिचीच. दुसऱ्या वेळी जनीन स्वतःच म्हणते, चूक माझीच. निवेदिका इथे एक गोष्ट लपवत नाही, की आम्ही ते नुसतं म्हणत नव्हतो, आम्हाला तेव्हा ते खरंच वाटत होतं. या पानापाशी मी दर वेळी थांबतो. संस्कार काय करू शकतात याचं याहून प्रामाणिक वर्णन माझ्या वाचनात नाही.

आणि तरीही त्याच बायका रात्री पहारेकरणींची नजर चुकवून पलंगांमधल्या अंतरावरून हात लांब करतात आणि एकमेकींना आपली नावं सांगतात, ओठांच्या हालचालीवरून. पुढे केव्हातरी निवेदिकेची बाजाराची जोडीदार ऑफग्लेन दुकानाच्या काचेतल्या प्रतिबिंबात पहिल्यांदा सरळ डोळ्याला डोळा देते आणि प्रार्थना छापणाऱ्या त्या यंत्रांचं देव ऐकतो का, असं विचारते. उत्तर जिवावर बेतू शकतं. निवेदिका ‘नाही’ म्हणते. त्या एका शब्दानंतर दोघीही आधीच्या राहत नाहीत.

ऑर्वेलच्या ‘१९८४’चं (प्रकाशन १९४९) दुःख मला म्हणूनच वेगळं वाटतं. त्यातला नायक विन्स्टन डायरी लिहितो ते आपण एकांतातलं बंड म्हणून वाचतो. पण लिहिता लिहिता त्याच्याच लक्षात येतं की आपण हे ओब्रायन नावाच्या पक्षाच्या अधिकाऱ्यासाठी लिहितो आहोत. ज्याच्याशी धड चार शब्दही झालेले नाहीत, फक्त कधीतरी नजरानजर झाली होती, त्याच्यासाठी. इतकी त्याला कुणीतरी समजून घेणारा असण्याची भूक आहे. सत्ताधारी पक्षाला ही भूक माहीत आहे, म्हणून पक्ष ओब्रायनलाच पाठवतो. छळाच्या खोली १०१ मध्ये जे व्हायचं ते पिंजऱ्यातल्या उंदरांनी साधत नाही. विन्स्टन जेव्हा ओरडतो की हे माझ्याऐवजी ज्युलियाला, म्हणजे त्याच्या प्रेयसीला, करा, तेव्हा काम फत्ते होतं. दोन अधिक दोन पाच हे आधीच त्याच्या डोक्यात घालून झालेलं होतं. तरी ते पुरेसं नव्हतं, कारण दुसरं माणूस अजून आत शिल्लक होतं. (ज्युलियाला कमरेखालची बंडखोर म्हणून विन्स्टन हिणवतो आणि वाचकही मान डोलावतात. मला ती त्याच्याहून शहाणी वाटत आली आहे. प्रेमाची पहिली चिठ्ठी कुणी दिली? तिने.)

लोइस लॉरीच्या ‘द गिव्हर’चा (१९९३) उल्लेख लहान मुलांचं पुस्तक म्हणून मागे पडतो, पण त्यातला एक प्रसंग मला या सगळ्यांच्या तोडीचा वाटतो. तिथे समाजाच्या जुन्या आठवणी एकच माणूस सांभाळतो, आणि त्याच्याकडून जोनास या मुलाला कुटुंबाच्या मायेची आठवण मिळालेली असते. तो घरी येऊन आईवडिलांना विचारतो, तुमचं माझ्यावर प्रेम आहे का? ते हसतात आणि भाषा नेमकी वापर म्हणून समजावतात. मारत नाहीत, ओरडत नाहीत, अगदी प्रेमळपणे समजावतात. तो ‘समजलं’ म्हणतो, हे त्यांच्याशी त्याचं पहिलं खोटं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो भावना दाबणारी रोजची गोळी घेत नाही.

माझ्या या सगळ्या म्हणण्याला सुरुंग लावणारं एक पुस्तक आहे आणि ते टाळून पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. इशिगुरोचं ‘नेव्हर लेट मी गो’ (२००५). कॅथी आणि टॉमी यांच्यात प्रेम आहे, विश्वास आहे, लहानपणापासूनची ओळख आहे. अवयव देऊन मरण्यासाठीच आपल्याला वाढवलं गेलं हे दोघांनाही ठाऊक आहे. आणि ते दोघं मिळून काय मागतात? अवयव देणं तीन-चार वर्षं पुढे ढकलण्याची सवलत. पळून जाण्याचा विचारही त्यांच्या मनाला शिवत नाही. म्हणजे सोबत असूनही सुटका नाही. माझं उत्तर एवढंच, की दोघांनाही एकाच ठिकाणी एकाच हाताने घडवलेलं होतं. त्यांच्या नात्यात माया भरपूर होती, पण बाहेरची हवा कुठूनच आली नव्हती. क्लॅरिस किंवा ऑफग्लेन जे करतात ते प्रेमाहून निराळं आहे. ज्यावर सगळ्यांनी गप्प बसायचं ठरलेलं आहे त्याबद्दल त्या प्रश्न विचारतात. हे उत्तर मला पूर्ण समाधान देत नाही, पण याहून चांगलं मला अजून सापडलेलं नाही.

झाम्यातिनची गोष्ट मी अर्धीच सांगितली. त्यातला नायक डी-५०३ शेवटी हरतो. शस्त्रक्रियेने त्याची कल्पनाशक्ती काढून टाकली जाते आणि ज्या आय-३३० वर तो जीव टाकत होता तिचा छळ तो शांतपणे बघत बसतो. बंडखोर आय-३३० ही संपते. यांच्यापेक्षा मला कथेतली ओ-९० महत्त्वाची वाटते. परवानगी नसताना तिने डी-५०३ कडून मूल मागून घेतलं आहे, आणि पकडली गेली तर मरण ठरलेलं. ती काही विचारवंत नाही, तिच्या तोंडी क्रांतीची भाषा नाही, समीक्षकही तिच्यावर फार वेळ घालवत नाहीत. पण पोटातलं मूल घेऊन राज्याभोवतीच्या हिरव्या भिंतीपलीकडे पोचते ती तीच. आणि तिला बाहेर काढायची व्यवस्था करते ती आय-३३०, जिच्यामुळे तिचा डी-५०३ तिच्यापासून दुरावला होता. आधी तिची मदत घ्यायला ओ-९० ने साफ नकार दिला होता. नंतर घेतली.