'नुसतं बघायचंय' हे कारण चालत नाही

म्युझियमच्या स्टोअरमधलं जुनं चित्र बघायचं तर अर्ज करावा लागतो आणि त्या अर्जात एक रकाना असतो, प्रयोजन. मी सरळ लिहिलं, चित्र बघणे. टेबलापलीकडच्या साहेबांनी अर्ज वाचला, मग मला वरपासून खालपर्यंत वाचलं आणि म्हणाले, ते ठीक आहे हो, पण कशासाठी?

पीएचडी चालू आहे का? नाही. पत्रकार? नाही. मग चित्रातल्या सरदारांच्या घराण्यातले का? (इथे हो म्हणायचा फार मोह झाला, नाक जरा जुळतं माझं.) नाही म्हणलं तर साहेबांची खात्रीच पटली की याचा काहीतरी डाव आहे, नाहीतर उगाच कोण बघतंय चित्र. म्युझियम कुठलं ते सांगत नाही, मला परत जायचंय तिथे.

पुढे चित्राचा नोंद क्रमांक हवा. क्रमांक रजिस्टरमध्ये, आणि रजिस्टर बघायला वेगळा अर्ज, आणि त्या अर्जात पहिलाच रकाना काय, तर नोंद क्रमांक. शेवटी शिपाईमामांनी चहा पिता पिता तोंडपाठ सांगून टाकला.

आता चित्रं आत ठेवण्याबद्दल माझी अजिबात तक्रार नाही. भिंती कमी, चित्रं जास्त, हे जगभर आहे, पॅरिसच्या लूव्रकडे पाच लाखांच्या आसपास वस्तू आहेत आणि मांडलेल्या साधारण ३५ हजार. त्यात कागदावरच्या जलरंगांना उजेड सोसत नाही, ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) वर जाऊ नका म्हणतात, म्हणजे जवळजवळ अंधारच, कारण एकदा उडालेला रंग परत येत नाही. वर आपला पावसाळा आणि बुरशी. आईची पैठणी पण कपाटातच असते की, पण मावशीने दाखव म्हणलं तर आई प्रयोजन विचारत नाही.

मला हे वेड लावलं अजिंठ्याने. जे. जे. स्कूलचे ग्रिफिथ्स सर आणि त्यांचे विद्यार्थी, पेस्तनजी बोमनजी वगैरे मंडळी, १८७२ ते १८८५ लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करत होते, आणि तयार झालेले कॅनव्हास गेले लंडनला. १८८५ मध्ये तिथल्या म्युझियमला आग लागून शंभरावर जळाले. त्याआधी रॉबर्ट गिल या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने वर्षानुवर्षं खपून केलेल्या नकलांपैकी बहुतेक १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या होत्या, म्हणजे अजिंठ्याच्या नशिबी लंडनमध्ये आगच लिहिलेली. वाचलेल्या नकला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडे, बहुतेक स्टोअरमध्येच. आणि मूळ चित्रं नंतर अजून खराब झालीत, त्यामुळे काही ठिकाणी त्या भिंतीवर काय होतं ते नकलेवरूनच कळतं.

पण त्याच म्युझियमने २०२५ च्या मे महिन्यात पूर्व लंडनमध्ये अख्खं गोदामच लोकांना उघडून दिलं. दोन आठवडे आधी ऑनलाइन बुकिंग करायचं, एका वेळी पाच वस्तू, फुकट, आणि संशोधक असायची अट नाही. रॉटरडॅमला बॉयमन्स म्युझियमचं गोदाम २०२१ पासून तिकीट काढून बघता येतं, दीड लाखावर वस्तू. हे सगळं मी आमच्या साहेबांना उत्साहात सांगितलं तर म्हणाले, तिकडे स्टाफ असतो हो. खरं आहे ते, इथे किल्ली, रजिस्टर आणि आरटीआयची उत्तरं सगळं एकाच माणसाच्या गळ्यात, मला रागवायचं होतं पण रागवता आलं नाही.

तर प्रयोजनात शेवटी 'अभ्यास' लिहिलं आणि परवानगी आली. दार उघडलं तसा माझ्यामागून शिपाईमामा आला, सिक्युरिटीवाला आला, तिकीट खिडकीवरच्या ताई आल्या, बागेला पाणी घालणारे काका पाईप तसाच वाहता सोडून आले, एकाचंही प्रयोजन कुठे लिहिलेलं नव्हतं. सरदार जोरदार होते. अंगरख्याच्या जरीवर चित्रकाराने जीव ओतलेला आणि हात मात्र घाईत उरकलेले, त्यावर ताई म्हणाल्या पैसे थकवले असणार. साहेब पाच मिनिटं म्हणाले होते, पण तेच चष्मा कपाळावर सरकवून मिशीजवळ वाकले ते उठेचनात.

मागच्या रॅकमध्ये मलमलीत गुंडाळलेली अजून एक फ्रेम दिसत होती, कोपऱ्यातून नुसता हिरवा पदर आणि एक पोपट. मी विचारलं, ते कुणाचं?

साहेब म्हणाले, त्याला वेगळा अर्ज.